तगरीची आफ्रिकेतली बहीण

जून २०२५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याचे राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. अफूच्या वर्गातील पदार्थांचे व्यसन सोडवण्यास आयबोगेन नावाचे वनस्पतिजन्य द्रव्य कितपत उपयोगी पडते, याच्या वैद्यकीय चाचण्यांसाठी सरकारी तिजोरीतून पाच कोटी डॉलर, म्हणजे आपले चारशे कोटींहून अधिक रुपये, देण्याची तरतूद त्यात आहे. एरवी अशी बातमी वाचून मी पान उलटले असते. परंतु ही बातमी पुंडलिकनगरातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरून खाली आली. वर माझी धाकटी बहीण आणि तिचा एकुलता मुलगा राहतात.

भाच्याची कथा थोडक्यात सांगते, कारण ती अनेक घरांतील कथेहून वेगळी नाही. वाळूजच्या एका कारखान्यात तो कामाला होता. दुचाकीवरून पडल्याचे निमित्त झाले, कंबरेचे दुखणे मागे लागले, त्यासाठी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या आल्या. चिठ्ठी संपली तरी गोळ्या संपल्या नाहीत. पुढे कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. नोकरी गेली. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, दोनदा पुन्हा घसरला. मेहुण्यांचे हृदयविकाराने बावन्नाव्या वर्षी निधन झाले होते. त्यामुळे या साऱ्याला बहीण एकटीच तोंड देत होती.

"एकदाच घ्यायचं असतं म्हणे, ताई. एका रात्रीत सुटतं," ती म्हणाली. तिच्या फोनवर कोणा मध्यस्थाचे निरोप होते. परदेशातील एका दवाखान्यात नेण्याचा खर्च काही लाख. तेवढी ऐपत नसेल तर त्याच मुळीची पूड कुरिअरने घरपोच. सातारा परिसरातील प्लॉट विकण्याचा हिशेब तिने मनाशी मांडून ठेवला होता. मी एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून या झाडाबद्दल मला विचारून मग पुढचे पाऊल टाकावे, एवढाच तिचा हेतू होता.

मी तिला हाताला धरून अंगणात नेले आणि तगरीचे झाड दाखवले.

आमच्या भागात नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा लक्षात ठेवावा लागतो. तरीही ही तगर वर्षभर फुलते आणि देवपूजेला कधी कमी पडत नाही. पाच पाकळ्यांचे, भिंगरीसारखे किंचित पिळलेले तिचे पांढरे फूल सर्वांच्या परिचयाचे आहे. आयबोगेन ज्या झुडपाच्या मुळाच्या सालीतून निघते ते इबोगा हे हिच्याच करवीर कुळातील. ते पश्चिम-मध्य आफ्रिकेत, मुख्यतः गॅबॉनच्या जंगलात वाढते. तेथील ब्विती पंथात दीक्षाविधीच्या वेळी ही साल खाण्याची जुनी परंपरा आहे. सालीतील द्रव्य ‘सायकेडेलिक’ वर्गातले; म्हणजे काही तास मनाच्या जाणिवांचा पट पार बदलून टाकणारे. माणूस डोळे मिटून जागेपणी स्वप्ने पाहतो, मागील आयुष्यातील प्रसंग समोर उभे राहतात, तोल जातो, उलट्या होतात. आपल्या तगरीतही आयबोगेनच्या जवळच्या नात्यातले कोरोनॅरिडीन नावाचे अल्कलॉइड आहे. त्याच्या रेणूवर बेतून प्रयोगशाळेत तयार केलेल्या एका नव्या द्रव्याच्या अभ्यासाला अमेरिकेच्या राष्ट्रीय मादक द्रव्य संशोधन संस्थेने २०१२ मध्ये अनुदानही दिले. (याचा अर्थ तगरीची पाने उकळून प्यावीत असा कोणी काढू नये. शिवाय आयुर्वेदाच्या दुकानात ‘तगर’ म्हणून मिळते ती मुळी बहुधा निराळ्याच, व्हॅलेरियनच्या जातीच्या वनस्पतीची असते. एका नावाच्या दोन वनस्पती ही आपल्याकडील जुनी डोकेदुखी. मग कुरिअरने येणाऱ्या पुडीत काय असेल, हे कोण सांगणार?)

या झुडपाचा व्यसनाशी संबंध जुळला तो योगायोगाने. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील हॉवर्ड लॉट्सॉफ या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या तरुणाने आयबोगेन घेतले, तेही नशेची नवी तऱ्हा म्हणून. अंमल उतरल्यावर त्याच्या ध्यानात आले की हेरॉइनची ओढ उरलेली नाही आणि ते सोडताना होणारा छळही झालेला नाही. त्याने पुढचे सारे आयुष्य या औषधाच्या पुरस्कारासाठी वेचले. गंमत अशी की त्याआधीपासूनच, १९३९ पासून, फ्रान्समध्ये ‘लांबारेन’ नावाच्या शक्तिवर्धक गोळीतून याच वर्गातील वनस्पतीचा अर्क अल्प मात्रेत विकला जात होता. १९७० च्या सुमारास ती बंद झाली. अमेरिकेने तर याच काळात आयबोगेनला हेरॉइनच्याच पंक्तीला बसवून त्यावर बंदी घातली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेथील राष्ट्रीय संस्थेने संशोधनाला हात घातला आणि १९९५ मध्ये पैसा थांबवला.

पैसा थांबला तरी औषध थांबले नाही, हे यातील कळीचे. ते मेक्सिकोसारख्या देशांतील खाजगी दवाखान्यांत गेले. औषध कंपन्यांना त्यात रस नव्हता. जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या मुळीवर मालकी सांगता येत नाही. मग मोठ्या चाचण्यांवर खर्च कोणी करावा? जे काम बाजार करत नाही आणि रुग्णाला एकट्याला पेलत नाही, ते सरकारने करायचे असते. टेक्सासच्या आधी केंटकी राज्यात असा प्रयत्न झाला होता. वेदनाशामक औषधे बेजबाबदारपणे खपवणाऱ्या कंपन्यांकडून दंडापोटी मिळालेल्या रकमेतून चार कोटी वीस लाख डॉलर आयबोगेनच्या संशोधनाला द्यावेत, असा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला. सत्तेतील माणसे बदलली आणि तो बारगळला. टेक्सासने तो धागा उचलला आणि एक अट घातली: औषध विकसित करणाऱ्यानेही सरकारइतकी रक्कम स्वतः घालावी. ही अट मला पटते. फुकटच्या पैशात माणूस शोध लावत नाही, जाहिरात करतो.

बहिणीला यातले एवढेच ऐकायचे होते की सरकार पैसा देते आहे. "सरकार उगाच देईल का?" तिचा प्रश्न रास्त होता. पण सरकारने दिलेला पैसा हा औषधाला दिलेला दाखला नव्हे. दाखला द्यावा की देऊ नये, हे ठरवण्यासाठी लागणारा तो खर्च आहे. उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते.

आणि ‘नाही’ येण्याची कारणे लहान नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला विद्युतदृष्ट्या पूर्वपदावर यावे लागते. त्यासाठी पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याची जी वाट असते, ती आयबोगेन अडवते. ईसीजीच्या कागदावर ‘क्यूटी’ नावाचे अंतर लांबलेले दिसते, आणि ते फार लांबले की लय विस्कटून माणूस अचानक कोसळतो. उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम कमी झाले की धोका वाढतो. यकृतात आयबोगेनचे रूपांतर होऊन जे द्रव्य तयार होते ते रक्तात कितीतरी अधिक काळ रेंगाळते. म्हणजे रात्र सरली तरी धोका सरत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १९९० ते २००८ या काळातील, आयबोगेन घेतल्यानंतरच्या एकोणीस मृत्यूंची नोंद आहे. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात चौदा रुग्ण होते. त्यांपैकी एक दगावला. नेदरलँड्समध्ये चौदा जणांना रुग्णालयात देखरेखीखाली हे औषध दिले, तेव्हा निम्म्यांचे क्यूटी अंतर धोक्याची रेषा ओलांडून गेले. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने तीस निवृत्त सैनिकांचा अभ्यास केला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हृदयाच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियमही दिले होते. कोणालाही हृदयाचा गंभीर त्रास झाला नाही आणि नैराश्य, मनावरील आघात यांत मोठा उतार दिसला. फार आशादायक. पण ते सैनिक मेंदूला मार बसलेले होते, अभ्यास व्यसनाचा नव्हता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

हे सगळे ऐकून बहीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "याचे बाबा असेच गेले ना."

त्या क्षणापर्यंत मेहुण्यांच्या जाण्याचा आणि या मुळीचा संबंध मी बोलून दाखवला नव्हता. तो तिने स्वतःच जोडला. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेला मुलगा, घरात आलेली अनोळखी पूड, आणि जवळ ना ईसीजीचे यंत्र ना डॉक्टर. प्लॉटचा विषय त्या दिवशी मागे पडला. तो कायमचा मिटला असे मात्र मी म्हणणार नाही.

या निमित्ताने करवीर कुळातील आणखी एका वनस्पतीची आठवण सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या मुंबईत घडली आहे. सर्पगंधा आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे रक्तदाब व मनोविकारांवरील गुण लिहून प्रसिद्ध केले. तरीही जगाने तिची दखल घेतली ती १९४९ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात छापल्यावर. त्यांनी नवी मुळी शोधली नव्हती. कोणाचा दाब किती होता, औषधाने किती उतरला, हे त्यांनी मोजले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले आणि उच्च रक्तदाबावरील आधुनिक उपचारांत त्याने मानाचे स्थान मिळवले. मोजणे चालूच राहिले म्हणूनच काही रुग्णांना त्याने तीव्र उदासीनता येते हेही लक्षात आले, आणि अधिक सौम्य औषधे मिळाल्यावर ते मागे पडले. ‘पूर्वापार वापरात आहे, नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे’ असे आपल्या वयाच्या मंडळींत सहज बोलले जाते. सर्पगंधा नैसर्गिकच होती. धोतराही नैसर्गिक आहे.

आता आपल्याकडचे पाहू. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे दोन टक्के भारतीय अफूच्या वर्गातील पदार्थ वापरतात, आणि दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक आहे. तरी वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठीचे दार त्याने बंद केलेले नाही. त्याच कायद्यात व्यसनींचे उपचार, पुनर्वसन आणि लोकशिक्षण यांसाठी राष्ट्रीय निधीची तरतूद आहे. आयुष मंत्रालय आहे, संशोधन परिषदा आहेत, आणि करवीर कुळातील वनस्पती तर गल्लोगल्ली आहेत. आपल्या सरकारनेही या क्षेत्रात पैसा घालावा असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो ज्या रुग्णालयात हृदयावर रात्रभर नजर ठेवणारी यंत्रे आणि माणसे आहेत तेथे जावा. ‘प्राचीन ज्ञानाचा विजय’ अशा मथळ्यांवर खर्च होऊ नये. एक सोय वाचकांनी ध्यानात ठेवावी. भारतात होणाऱ्या प्रत्येक औषध-चाचणीची शासकीय नोंदवहीत नोंद २००९ पासून बंधनकारक आहे. कोणी ‘आमच्याकडे ट्रायल चालू आहे’ म्हणाले तर नोंदणी क्रमांक मागावा. चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे मागितले, तर तेथून उठून यावे.

औषध मिळाले तरी पुढचे आयुष्य जगायचे असते, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी शिकवावी लागत नाही. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, आपल्या शहरांत शिरली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी मिळून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. तेथे कोणतीही जादूची मुळी नव्हती. गटात बसून बोलणे, दिवसाची घडी पुन्हा बसवणे, घरच्यांनाही सोबत घेणे, आणि घसरलेल्या माणसाला परत दारात उभे करणे. सायकेडेलिक द्रव्यांच्या गंभीर चाचण्यांतही हेच दिसते. न्यूयॉर्कमध्ये दारूच्या व्यसनावर सायलोसायबिनची चाचणी झाली (हे द्रव्य भूछत्रातले; आणि भूछत्र ही वनस्पती नव्हे, असे वर्गात सांगून सांगून माझा घसा बसला आहे). २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. भरमसाट पिण्याचे दिवस औषधाच्या गटात सुमारे दहा टक्के, तर तुलनेच्या गटात सुमारे चोवीस टक्के राहिले. पण औषधाचे दिवस होते फक्त दोन. त्यांच्या आगेमागे समुपदेशनाच्या कितीतरी बैठका होत्या. मध्यस्थाच्या निरोपात या बैठकांचा उल्लेखही नसतो.

भाच्याला आम्ही शहरातील मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले. जिभेखाली ठेवायची ही गोळी अफूच्याच वर्गातील आहे, पण ती ओढ भागवते आणि चढत नाही. कोडीन थांबवून त्रास सुरू झाल्यावरच तिची पहिली मात्रा देतात. घाई केली तर त्रास एकदम उसळतो. त्यामुळे पहिले दीड दिवस फार कठीण गेले. बहीण रात्रभर त्याच्या पायांना तेल लावत बसली होती.

आता चौथा महिना चालू आहे. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "मावशी, हे पण व्यसनच ना? बाटली गेली, गोळी आली. ती मुळी निदान एकदा घेऊन मोकळं तरी करते."

मी त्याला त्याच्या आईच्या डब्यातली रक्तदाबाची गोळी दाखवली. ती एकवीस वर्षे रोज सकाळी घेते. तिला कोणी व्यसनी म्हणत नाही. तो हसला, पण समाधान झाल्याचे दिसले नाही. रोज गोळी घेताना आपण आजारी असल्याची आठवण होते, हे त्याचे दुःख खरे आहे. एका रात्रीत मोकळे होण्याची इच्छाही खरी आहे. टेक्सासच्या चाचण्यांतून निर्धोक वाट निघाली, तर त्या वाटेने जाणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो असावा असे मलाही वाटते. तोवर त्याने जिवंत असायला हवे.

ज्यांच्या घरी असे कोणी आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांकडून कळलेल्या दोन-तीन गोष्टी येथेच सांगून टाकते. काही दिवस पदार्थ बंद राहिला की शरीराची सवय मोडते. मग जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून परतल्यानंतरचे आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे. आपल्या शहरात ज्यांना ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या वर्गातील गोळ्यांचा प्रकार वेगळा आहे. त्या एकदम बंद केल्या तर झटके येतात, आणि आयबोगेनच्या बातम्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्या गोळ्या कित्येकदा घरातील आजी-आजोबांच्या डब्यातूनच जातात. डब्याला कुलूप लावावे आणि गोळ्या मोजून ठेवाव्यात. नातवावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटले तरी. दारू सोडवण्याची पूड नकळत चहात घालणे तर अजिबात नको. तिच्यात डायसल्फिराम असले आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततो. विचारायचे झाले तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे केंद्र सरकारचे दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहेत. घाटीसारख्या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी भाच्याचा ईसीजी काढायला सांगितला, केवळ वडिलांच्या आजाराचा इतिहास म्हणून. अहवाल चांगला आला. बहिणीने तो कागद प्लॉटच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला आहे.